रुचिराच्या सत्काराचा रविवार

परबांच्या घरात एखाद्या बाईने काही मोठं केलं की तिला आधी हार घालतात आणि मग घरी बसवतात, हे रुक्मिणीला बेचाळीस वर्षांपासून ठाऊक होतं. तरीही त्या रविवारी सकाळी तिचा थोरला मुलगा चैतन्य बोरिवलीहून दहा फुटी फ्लेक्सची गुंडाळी खांद्यावर घेऊन नाहूरच्या घरात शिरला, तेव्हा तिच्या मनात आलं ते इतकंच, की हे धूड आता ठेवायचं कुठे.

ठेवायला जागा नव्हतीच, म्हणून ते सोफ्यावर उलगडलं. मधोमध हात जोडून खुद्द चैतन्य उभा होता, गुडघ्यापर्यंत. त्याच्या डोक्यावरून ग्रामस्थ मंडळाचे अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि दोन सल्लागार खाली बघत होते. आणि जिचा सत्कार होता ती धाकटी सून, हवालदार रुचिरा परब, डावीकडे खालच्या कोपऱ्यात, पासपोर्टवर चिकटवतात तेवढ्या चौकोनात होती.

"तिचो फोटो बारको नाय झालो रे?" रुक्मिणीने विचारलं.

"आई, तिचं काम मोठं आहे ना. फोटोचं काय घेऊन बसलीस," चैतन्य म्हणाला आणि खिळा कुठे ठोकायचा ते बघायला लागला.

काम मोठं होतं, यात वाद नव्हता. मंगळवारी दुपारी रुचिरा मुलुंडच्या कोर्टात कागद देऊन स्कूटीवरून परत येत होती. नाहूरच्या पुलाच्या अलीकडे एका गाडीच्या बॉनेटमधून धूर निघाला आणि बघता बघता जाळ झाला. आत रमणिकभाई एकटेच, वय वर्षं बहात्तर, मुलुंडला स्टीलच्या भांड्यांचं दुकान. दरवाजे लॉक झालेले, पट्टा अडकलेला. भोवती चाळीसेक माणसं जमली होती आणि चाळिसांचेही मोबाईल वर होते. रुचिराने स्कूटी टाकली, तीन महिने खोदून ठेवलेल्या फुटपाथवरचा पेव्हर ब्लॉक उचलला, फुटपाथकडची काच फोडली आणि कमरेपर्यंत आत शिरली. पट्ट्याची कडी तापून लाल झाली होती, तीच तिने उजव्या हाताने दाबली. म्हातारबुवा सीटवरून अर्धे ओढले गेले आणि अडकले, तेव्हा ती शूटिंग करणाऱ्या एका इसमावर ओरडली, "मोबाईल ठेव आणि पाय धर!" त्याने मुकाट्याने तिचे पाय धरून ओढले. तिघं फुटपाथवर येऊन पडली आणि मागे गाडीने भडका घेतला.

तो इसम भलताच खुशीत होता. दुसऱ्या एकाने काढलेला व्हिडिओ मिळवून त्यानेच तो सगळीकडे पाठवला, खाली स्वतःचं नाव घालून. बुधवारपर्यंत 'मोबाईल ठेव आणि पाय धर' हे वाक्य नाहूरच्या पोराटोरांच्या तोंडी बसलं. रमणिकभाई दवाखान्यात शुद्धीवर आले आणि त्यांच्या घरून पाच किलो मोहनथाळ आला. रुचिराचा हात तळव्यापासून कोपरापर्यंत भाजला होता, आणि घरातला एकेक जण मोहनथाळ खात खात तिला विचारून जात होता, की फार दुखतंय का गं.

आता खरी गोम पुढे आहे. या रविवारची बैठक काही सत्कारासाठी ठरलेली नव्हती. रुचिरा खात्याची परीक्षा पास झाली होती. फौजदारकीच्या ट्रेनिंगला वर्षभर नाशिकला जायचं होतं आणि होकार सोमवारी सकाळी अकराच्या आत ऑफिसात द्यायचा होता. वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी. तिला नाही म्हणायचं, पण सगळ्यांनी मिळून, प्रेमाने म्हणायचं, यासाठी चैतन्यने दहा दिवसांपूर्वी घरच्या ग्रुपवर टाकलं होतं, 'रविवारी रुचिराचा नाशिक विषय. सर्वांनी यावे.' मंगळवारनंतर त्याने तोच मेसेज पुन्हा पाठवला, फक्त 'नाशिक विषय' खोडून 'सत्कार' केलं. वेळ तीच, जागा तीच, आणि मिसळपावही तोच.

स्वयंपाकघरात रुचिरा एका हाताने केस बांधायला बघत होती. रुक्मिणीने तिच्या हातातून फणी घेतली. पुढच्या बटा जळून आखूड झाल्या होत्या, त्या तिने अलगद मागे सारल्या.

"आई," रुचिरा हळूच म्हणाली, "सगळे म्हणतात मी घाबरले नाही. मी भयंकर घाबरले होते. आत शिरले तेव्हा मला श्रुतिका दिसली डोळ्यांपुढे. आणि दुसरं काय आठवलं सांगू? नाशिकचं पत्र. म्हटलं, मेले तर ते तसंच कपाटात राहणार."

"जावचा असा तुका?"

"खूप."

एवढंच बोलणं झालं. रुक्मिणीने केसांना गाठ मारली. या घरात ठरवायचं काम हॉलमध्ये होई आणि स्वयंपाकघरातून फक्त चहा जाई. सहा वर्षांची श्रुतिका आत डोकावून आईला म्हणाली, की काका बोलावतायत आणि बक्षिसाला पंख आहेत.

सत्कार रीतसर झाला. काशीरामने, म्हणजे रुक्मिणीच्या नवऱ्याने, सुनेच्या खांद्यावर शाल घातली. पंखवाली ट्रॉफी तिच्या डाव्या हातात दिली, कारण उजवा गुंडाळलेला होता. चैतन्यने भाषण केलं. त्यात शिवकाल आला, कोकणची माती आली, १९८२ च्या संपात काशीरामने काढलेले हाल आले, बोरिवलीतल्या मंडळाने भरवलेलं रक्तदान शिबिर आलं, आणि रमणिकभाई शेवटच्या मिनिटाला आले. थोरली सून मृणालिनी मोबाईलवर शूटिंग करत होती. टाळ्या पडल्या आणि चैतन्य खाली बसता बसता मुद्द्यावर आला.

त्याचं म्हणणं असं, की एवढं नाव झाल्यावर आता नोकरीत राहण्यात पॉइंट नाही. माणसाने शिखरावर असताना थांबावं. आमच्या बाजूचा वॉर्ड या खेपेला महिलांसाठी राखीव आहे. रुचिराने राजीनामा द्यावा, उभं राहावं, निवडून यावं. बाकी सगळं तो बघेल. सह्या तेवढ्या तिने करायच्या.

"दादा, तिचा उजवा हात भाजलाय," सुशांत म्हणाला. रुचिराचा नवरा तो. ऐरोलीला एका कंपनीत होता आणि जन्मात कधी दादाच्या तोंडाला तोंड देत नसे. आज दिलं, म्हणून रुक्मिणीला आशा वाटली. पण सुशांतचं पुढचं ऐकून ती मावळली. त्याच्या मते निवडणूक वगैरे फालतूगिरी नको. तिने साहेबांना भेटावं, आत्ता साहेब नाही म्हणणार नाहीत, आणि पोलीस स्टेशनात पासपोर्टच्या टेबलावर बसावं. दहा ते सहा. श्रुतिकाचा डबा वेळेवर होईल. आगबीग काही नाही.

मृणालिनीने मात्र भलतंच केलं. ती म्हणाली, जाऊ दे की तिला नाशिकला. मुलगी एवढी शिकते, पुढे जाते, आपण बायकांनीच नाही तर कोण उभं राहणार तिच्यामागे. रुक्मिणीने थोरल्या सुनेकडे कौतुकाने पाहिलं आणि क्षणभर तिला तिचे सगळे जुने टोमणे माफ करून टाकले. मग मृणालिनी म्हणाली, नाहीतरी वॉर्डात उभं राहायला घरात आणखी एक सुशिक्षित महिला आहेच. रुक्मिणीने माफी परत घेतली.

तर असं झालं. कालपर्यंत नाशिकला 'नको' म्हणण्यात एक असलेल्या भावांची फाटाफूट झाली, आणि नवरा-बायको एकमेकांविरुद्ध गेले. चैतन्य बायकोकडे बघेना. सुशांत वहिनीच्या बाजूने बोलायला गेला, मग आपण नाशिकच्या बाजूने बोलतोय हे ध्यानात येऊन थांबला. काशीरामने घसा खाकरून सांगितलं, की सुनेन आमचा नाव काढल्यान, आता तिका धोक्यात घालूक नको, मान मेळलो तो घेवन घरात बसान दे.

हे रुक्मिणीने पूर्वी एकदा ऐकलं होतं. अगदी हाच सूर. संपाच्या वर्षी गिरण्या बंद पडल्या तेव्हा परळच्या चाळीत तिने खानावळ काढली होती. दीड वर्ष बावीस माणसं तिच्या हातचं जेवली, काशीरामसकट. मग काशीरामला वॉचमनची नोकरी लागली. चाळीतल्या मंडळींनी रुक्मिणीला साडी दिली, नारळ दिला, कुणीतरी भाषण केलं, आणि दुसऱ्या दिवशी तिचे दोन्ही मोठे स्टोव्ह विकले. बाई, तू खूप केलंस, आता आराम कर. तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिला तर ती खानावळ वाढवून रस्त्यावर न्यायची होती, जागासुद्धा बघून ठेवली होती. ती साडी तिने एकदाही नेसली नाही, आणि का नाही हे काशीरामने आजतागायत विचारलं नाही.

शेवटी काशीरामने नेहमीचा तोडगा काढला. माणसांचं एकमत होत नसेल तर देवाला विचारायचं. गावी रवळनाथाच्या मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवून गुरव कौल लावतो. देवाच्या उजव्या अंगाची पाकळी पडली तर होकार, डाव्या अंगाची पडली तर नकार. पूर्वी यासाठी एसटीने बारा तास जावं लागे. आता गुरवाकडे व्हॉट्सअॅप होतं.

चैतन्यने फोन लावला, टीव्हीला जोडला आणि देवाला प्रश्न घातला, की घरची सून वर्षभर बाहेर पाठवावी का. सगळे उभे राहिले. टीव्हीवर बेचाळीस इंची रवळनाथ दिसत होता. गुरवाने फोन दोन तांब्यांच्या मध्ये टेकवून ठेवला होता. पाच मिनिटं काही हललं नाही. रुचिरा शाल पांघरून, ट्रॉफी घेऊन दाराशी उभी होती. मग पडद्यावरच्या डाव्या बाजूची पाकळी सुटली, घरंगळली, खाली पडली. गुरव पुढे आला, त्याने सांगायला तोंड उघडलं, आणि गावची रेंज गेली. गुरवाचं उघडं तोंड टीव्हीवर तसंच राहिलं.

"उजवो," काशीराम म्हणाला. "आमची डावी ती देवाची उजवी."

"बाबा, थांबा. त्यांनी पुढचा कॅमेरा लावला होता," चैतन्य म्हणाला. "त्यात उलटं दिसतं. आरशासारखं."

सुशांतचं म्हणणं, ज्याचा फोन त्यालाच उलटं दिसतं, आपल्याला सरळ. मृणालिनीने स्वतःचा फोन काढून उजवा हात वर केला. मग खात्री करायला सगळ्यांना करायला लावला. पाच मिनिटांत परबांच्या हॉलमध्ये चार मोठी माणसं उजवा हात वर करून एकमेकांच्या फोनमध्ये बघत उभी होती आणि श्रुतिका त्यांच्यामधून डावा हात वर करून पळत होती. समई कुठल्या बाजूला असते यावर काशीराम शपथ घ्यायला तयार होता. देवळात समया दोन आहेत याची सुशांतने आठवण करून दिली. काशीराम देवाच्या बाजूने ओरडू लागला. नाशिक राहिलं बाजूला, आपल्या देवाची उजवी बाजू आपल्याला कळत नाही असं पोरगा म्हणतो म्हणजे काय, इथवर तो चढला, आणि ओरडता ओरडता त्याचा घसा बसला. आवाजच फुटेना.

गुरवाचा फोन लागत नव्हता. चैतन्य म्हणाला, ठीक आहे, सध्या थांबूया. पुढच्या रविवारी पुन्हा बसू.

"उद्या अकराच्या आत द्यायचंय, दादा," रुचिरा दाराशी उभी राहून म्हणाली.

"अगं, दोन दिवस इकडे तिकडे काही होत नाही. एवढी हिरॉइन तू, तुला कोण नाही म्हणणार," असं म्हणून त्याने मोहनथाळाचा तुकडा तोंडात टाकला.

रुक्मिणीने सुनेकडे पाहिलं. जळत्या गाडीत शिरलेली ही पोर, रागावली नाही, भांडली नाही, नुसती ट्रॉफी टीपॉयवर ठेवून चहाचे कप उचलायला वाकली. एका हाताने. ते वाकणं रुक्मिणीच्या ओळखीचं होतं. स्टोव्ह विकले त्या दिवशी तीही अशीच वाकून जागा पुसत बसली होती. तिला स्वतःचाच संताप आला, की मी अजून कशाची वाट बघतेय.

"जेवक बसा नको कोण," ती म्हणाली. "कौल अर्धो ऱ्हवलो. गाऱ्हाणा घातल्याशिवाय देवाक सोडूक येणा नाय."

हे सगळ्यांना पटलं, कारण ते खरंच होतं. देवाला मध्येच सोडून जेवायला बसणं बरं नव्हे. पण गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढचं मोठ्याने मागणं, घालायचं घरातल्या कर्त्या पुरुषाने, आणि काशीरामचा घसा गेलेला. मुलांकडे पाहिलं तर चैतन्यला 'बा देवा म्हाराजा' एवढंच येत होतं आणि सुशांतला तेही नाही. काशीरामने बायकोकडे हात केला. नाइलाजानेच केला, पण केला. रुक्मिणीने सत्काराचा नारळ घेतला, देव्हाऱ्यापुढे उभी राहिली, आणि पदर डोक्यावर घेतला. बाकीचे हात जोडून तिच्या मागे उभे राहिले.

"बा देवा रवळनाथा, तुझी लेकरा गाव सोडून मुंबैक इली, खय खय ऱ्हवली, पण तुका इसारली नाय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मागून सगळे म्हणाले. गाऱ्हाण्यात दर वाक्याला हे म्हणायचंच असतं. कोकणातलं पोर बोलायला लागायच्या आधी हे म्हणायला शिकतं, आणि मोठेपणी ते म्हणताना पुढच्याचं वाक्य ऐकायची त्याला गरजही वाटत नाही.

"मंगळवारी ह्या घरच्या सुनेन जळत्या गाडयेतसून एका म्हाताऱ्याक जितो भायर काढल्यान. तिचो हात भाजलो, तो तू बरो कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तिच्या वाटेत कोण आडवो इलो असात, घरचो असो नायतर भायरचो, तेका बाजूक कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." यात चैतन्यचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

नारळ घट्ट धरून रुक्मिणीने डोळे मिटले.

"उद्या सकाळी ती होकार देतली. वर्षभर नाशकाक जातली, फौजदार होवन घराक येतली. तिका सुखरूप परत हाड म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तिच्या चेडवाक, श्रुतिकाक, मी सांभाळतलंय. सुशांत सकाळी उठान तिचो डबो भरतलो. थोरलो झील दर आयतवारी बोरिवलीसून येवन बापाशीक, आता सून न्हेता तसो, डॉक्टराकडे न्हेतलो. आणि ह्या शब्दाक कोण फिरलो, तर तेचा काय ता तू बघ म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सुशांत म्हणाला. मृणालिनी म्हणाली. चैतन्य "व्हय म्हा" पर्यंत आला आणि तिथे त्याला काय झालं ते कळलं. त्याने डोळे उघडले.

"आई, हे काय? हे ठरलं नव्हतं आपलं."

रुक्मिणी वळली नाही. तिला चैतन्यची भीती नव्हती. ती वाट बघत होती काशीरामच्या आवाजाची. बेचाळीस वर्षांत तिने या माणसाच्या देखत काही ठरवलं नव्हतं.

काशीरामने जोडलेले हात खाली घेतले. मग बसलेल्या घशातून खरखर आली, "मी पन म्हटलंय व्हय म्हणान. आता फिरूक येणा नाय." आणि कुणाकडेच न बघता, "तू पन म्हटलंस, चैतन्या. आयतवारी धा वाजता ये."

चैतन्य फ्लेक्सखाली बसला, हात जोडलेल्या आपल्याच फोटोच्या गुडघ्यांशी. सुशांतने मृणालिनीला हळूच विचारलं, की डब्याला पोळ्या आदल्या दिवशी करून ठेवल्या तर चालतात का.

रुक्मिणीने नारळ वर उचलला आणि पुन्हा खाली घेतला.

"एक आवाज अजून इलो नाय," ती म्हणाली.

दाराशी रुचिरा उभी होती, डाव्या हातात चार कप. गाऱ्हाणं चालू असताना तिने एकदाही तोंड उघडलं नव्हतं. वाक्य न ऐकता होकार देणाऱ्यांतली ती नव्हती, आणि जे ऐकलं त्यावर तिचा विश्वास बसला नव्हता. सगळे तिच्याकडे बघायला लागले. सकाळपासून पहिल्यांदाच बघायला लागले.

"बोल गो," रुक्मिणी म्हणाली. "तुझ्याशिवाय पुरा नाय होवचा."

रुचिराने कप खाली ठेवले. गुंडाळलेला हात दुसऱ्या हाताला जेवढा जोडता येईल तेवढा जोडला. पुलाजवळ चाळीस माणसांना ऐकू गेलेला तिचा आवाज आता देव्हाऱ्यापर्यंत जेमतेम पोचला.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली, आणि ढसाढसा रडायला लागली.

तिला कुणी गप्प करायच्या आत रुक्मिणीने एका दणक्यात नारळ फोडला.